परत ठेवलेल्या वस्तू

दुकान नऊला बंद होतं. मग माझं सुरू होतं.
रिकामी ट्रॉली ढकलत मी फिरते
लुब्लिनच्या टोकाला असलेल्या या सुपरमार्केटात,
आणि भलत्याच जागी निजलेल्या वस्तू
उचलून ज्याच्या त्याच्या घरी पोचवते.

धुण्याच्या साबणामागे
चॉकलेटात घोळलेले आलुबुखार.
बटाट्यांच्या ढिगावर धुरावलेल्या माशाचं पाकीट,
पालथं, तोंड लपवल्यासारखं.
मांजराच्या खाऊत एक मेणबत्ती,
व्हॅनिलाच्या वासाची.

मॅनेजर म्हणतो, आळशी गिऱ्हाईकं.
मला नाही पटत.
आळशी माणूस घेऊन मोकळा होतो.
हे सगळे सहाव्या रांगेपर्यंत
वस्तू हातात धरून आले होते, आणि तिथे
दिव्याचं बिल आठवलं
किंवा मुलाचे बूट.

जागेवरून मला कळतं कोण किती झगडलं.
पहिल्याच वळणावर सोडलेलं असेल, तर
मोह नुसता चाटून गेला.
पण गल्ल्याच्या अगदी जवळ,
च्युइंगगमच्या मागे कोंबलेली वस्तू,
तिच्यावर अजून बोटांची ऊब असते.

पानी लेओकादिया मात्र काहीच मागे सोडत नाहीत.
चाळीस वर्षं भूगोल शिकवला. दर गुरुवारी येतात,
घरून एक उकडलेला बटाटा खाऊन.
म्हणतात, पोट भरलेलं असलं की डोळे शहाणे राहतात.
यादी विजेच्या पाकिटाच्या पाठीवर,
दुकानाच्या नकाशाप्रमाणे लिहिलेली:
दूध, मग बीट, मग डावीकडे वळायचं,
बिस्किटांच्या गल्लीत समुद्र आहे असं समजायचं.

तरी एक हलव्याची वडी, तिळाची,
त्या पहिल्यांदाच टोपलीत घालतात.
पूर्ण दुकानभर हिंडवून आणतात,
नातवाला बागेत नेतात तशी,
आणि निघताना तिच्या जागेवर,
लेबल पुढे करून, नीट ठेवतात.
सदतीस झ्लॉटी चाळीस. दर वेळी साधारण तेवढेच.
मी एकदा म्हटलं, घ्या की एखाद वेळी.
त्या म्हणाल्या, घेतली तर पुढच्या गुरुवारी
कुणाला फिरवू?

या महिन्यात मैद्याच्या पिशव्यांमागे,
तीन थर आत,
एक चॉकलेटचं अंडं सापडलं, पोटात खेळणं असलेलं.
बाप मला आठवतो, रंगाचे डाग पडलेली पँट,
फोनवर बेरीज करत होता, दोनदा चुकला.
मुलीचं नाव याग्ना.
तो म्हणाला, पगार झाल्यावर.
ती रडली नाही. तिनं विचारलं,
तोवर कुणी नेलं तर?
त्याच्याकडे उत्तर नव्हतं, तो कांदे तोलायला गेला.
म्हणजे अंडं विसरलेलं नव्हतं.
लपवलेलं होतं.

नियमाप्रमाणे ते मी उचलायला हवं.

मी हात घातला, पिशव्या सरळ केल्या,
अंडं आणखी थोडं आत ढकललं.
रोज रात्री बघते. आहे.
मोजदादीच्या वहीत त्या फळीपुढे मी लिहिते:
फक्त मैदा.

रात्री अकराला दिवे निम्मे होतात.
दिवसात या दुकानातली कितीतरी चैन
माझ्या हातातून गेली,
आणि माझ्या पिशवीत कालचा त्सेबुलाश,
निम्म्या भावाचा, वरचा कांदा वाळलेला,
एक दूध, दोन अंडी, खरी, कोंबडीची.
गल्ल्यापाशी आलुबुखार हाताला लागतात पुन्हा,
कुणीतरी आजही इथवर आणून सोडलेले.
मी त्यांचा भाव बघते.
कालचाच आहे.
ट्रॉलीत टाकते, चौथ्या रांगेत नेते.

पगार एकतीसला होतो म्हणे
रंगाऱ्यांचा.
आज तेवीस.